वाचक विचारतात: सुरतेचं बंदर गेलं कुठं?

दोन अंकांमागे याच पानावर नदीकाठच्या जुन्या बंदरांबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात सुरतेचा उल्लेख आला आणि मग काय, निम्मी पत्रं सुरतेवरच. मराठी माणसाला सुरत म्हटलं की एकच गोष्ट आठवते, त्यामुळे पहिला प्रश्न कुठला असणार हे पाकीट उघडायच्या आधीच माहीत होतं.

प्रश्न: शाळेत शिकलो की महाराजांनी सुरत दोनदा लुटली. त्यानंतर सुरत बसली आणि मुंबई वर आली, असं आमचे एक नातेवाईक ठामपणे सांगतात. खरं आहे का हे? (एक वाचक, सातारा)

अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचीच पंचाईत जास्त असते. पहिली स्वारी जानेवारी १६६४, दुसरी ऑक्टोबर १६७०. पहिल्या वेळी सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला, महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाच्या बाहेर, आणि पुढचे चार दिवस विरजी व्होरा, हाजी झाहिद बेग असल्या बड्या सावकारांच्या वाड्यांची काय गत झाली ते इंग्रज आणि डच वखारवाल्यांनी आपापल्या पत्रांत लिहून ठेवलंय. तेव्हा शहराला धड तटबंदी नव्हती, होती ती मातीची. विटांचा तट बांधायला घेतला तो या स्वारीनंतर, म्हणजे सुरतेच्या जुन्या तटाचं एक कारण आपणच आहोत असं म्हणायला हरकत नाही! तट केव्हाच गेला, पण दिल्ली गेट, सहारा दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो.

पण सुरत संपली नाही. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि धंदा परत उभा राहिला. मुल्ला अब्दुल गफूर नावाच्या एकट्या व्यापाऱ्याची वीसच्या आसपास जहाजं होती, आणि तो गाजला ते या दोन्ही स्वाऱ्यांच्या नंतर. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने खुद्द बादशहाचं गंज-ए-सवाई हे जहाज लुटलं ना, ते मक्केहून यात्रेकरू आणि माल घेऊन सुरतेलाच येत होतं. बुडालेल्या बंदराकडे असली जहाजं कोण नेतं?

मग सुरत उतरली कशाने, तर एका कारणाने नाही. इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं १६८७ ला मुंबईला हलवलं, तिथे खोल पाणी होतं आणि हुकूमही त्यांचाच चालत होता. १७०७ नंतर मुघल सत्ता ढिली पडली, आतल्या मुलखातून माल सुखरूप बंदरापर्यंत येईना, त्याच सुमाराला इराणातलं सफवी राज्य कोसळलं म्हणजे पलीकडची गिऱ्हाइकंही गेली. चौथाईत पेशवे आणि गायकवाड दोघांचा हिस्सा होता, तो वेगळाच. १७५९ ला किल्ला इंग्रजांकडे, १८०० ला अख्ख्या शहराचा कारभार. माणसंही हळूहळू मुंबईकडे सरकली. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचाच जहाजबांधणी करणारा, १७३६ ला कंपनीने त्याला मुंबईला नेलं आणि पुढे मुंबई गोदीची जी कीर्ती झाली ती त्या घराण्याची. तुमच्या नातेवाइकांना सांगा की लुटीने सुरतेला धक्का बसला, पण तिची जागा मुंबईने घेतली त्याला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

प्रश्न: गेल्या वर्षी मुद्दाम सुरतेला गेलो, बंदर बघायचं म्हणून. किल्ला दिसला, समोर नदी दिसली, पण बंदर कुठंच दिसेना. गाइडलाही सांगता येईना. होतं तरी कुठं? (एक वाचक, ठाणे)

तुमचं पत्र वाचून हसलो कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही अगदी हीच गत झालेली. आपल्या डोक्यात बंदर म्हणजे मुंबईची गोदी, क्रेन, उंच धक्का. सुरतेचं बंदर तसं कधी नव्हतंच. तापी उथळ आणि गाळाची, शहर समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत, त्यामुळे मोठी जहाजं शहरापर्यंत यायचीच नाहीत. ती थांबायची मुखाच्या उत्तरेला सुवाळीला, तिथे वाळूच्या दांड्याआड शांत पाणी मिळायचं. १६१२ ला इंग्रज-पोर्तुगीज लढाई झाली ती तिथेच, आणि जहांगीराच्या दरबारात निघालेला थॉमस रो १६१५ ला उतरला तोही तिथेच. तिथून माल छोट्या होड्यांत भरून नदीने वर किंवा बैलगाडीने शहरात. आज त्या भागात शेजारी हजिराचं औद्योगिक बंदर आहे, म्हणजे जागा फारशी बदलली नाही, जहाजं तेवढी बदलली.

तेव्हा बंदर ही एक वस्तू नव्हती, पूर्ण साखळी होती. सुवाळीची जहाजं नांगरायची जागा, नदीतल्या होड्या, काठावरचे ओवारे, जकातीचा फुर्जा म्हणजे नाका, टांकसाळ, वखारी, सराई आणि या सगळ्यावर डोळा ठेवणारा किल्ला. ओवारा म्हणजे नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांचा घाट. नानपुऱ्यात डक्का ओवारा आहे, त्यातला डक्का म्हणजे आपला धक्काच, आणि तिथेच नावडी ओवाराही आहे, नावडी म्हणजे होडी. तुम्ही गाइडला बंदर विचारलंत, ओवारा विचारला असता तर कदाचित नेलं असतं त्याने.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. सुरतेत जतनाचं काम होत नाही असं अजिबात नाही, उलट आपल्याकडच्या बऱ्याच शहरांनी जाऊन बघावं असं होतं. पोर्तुगीजांच्या जाळपोळीला कंटाळून गुजरातच्या सुलतानाने खुदावंदखानाकडून किल्ला बांधवून घेतला, १५४६ ला तो पुरा झाला. मधल्या काळात त्यात सरकारी ऑफिसं घुसली होती, पार्टिशनं ठोकलेली, ते सगळं काढून महापालिकेने नेटका दुरुस्त केला आणि आत म्युझियम केलं. गोपी तलाव कित्येक वर्षं कोरडा पडला होता, तो परत भरला. कवी नर्मदचं घर जपलंय. आणि शहाजहानच्या काळातली, १६४४ ची मुघलसराई, हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट बघत जिथे राहायचे, तिचा मधल्या काळात तुरुंग झाला आणि आता तिथे चक्क महापालिकेचं मुख्य ऑफिस आहे. मला हा सगळ्यात चांगला नमुना वाटतो. पावणेचारशे वर्षांच्या कमानीखालून लोक घरपट्टीच्या कामाला जातात, इमारत रोज वापरात आहे म्हणून कौल फुटला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडतं. कुलूप लावलेल्या स्मारकात गळती लागली तर कळायला दोन पावसाळे जातात.

पण हे सगळे सुटे मणी झाले, आणि ते ज्या दोऱ्यात ओवले होते तो दोरा म्हणजे नदीकाठ. तिकडे बघणारं फार कोणी नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला, त्यानंतर काठाने ठिकठिकाणी पूर अडवायला भिंती आल्या, आधीच्या होत्या त्या वाढल्या. ज्याच्या घरात छातीभर पाणी आलंय त्याला जाऊन तुम्ही हेरिटेज म्हणून भिंत नको असं सांगू शकत नाही, मी तर सांगणार नाही. पण भिंत बांधताना ओवाऱ्याच्या तोंडाशी दार ठेवता येतं, पुराच्या वेळी ते बंद करायची सोय करता येते, जुन्या पायऱ्या भरावाखाली गाडायच्या आधी निदान मोजून त्यांचा नकाशा काढून ठेवता येतो. त्यातच १९९५ ला वर सिंगणपोरला बंधारा झाला, पिण्याच्या पाण्यासाठी तो हवाच होता, पण त्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात गोडं पाणी फारसं येत नाही आणि गाळ साचतो. तेव्हा तुम्ही किल्ल्यासमोर ओहोटीच्या वेळी उभे राहिला असाल तर होडी सोडा, चिखलच दिसला असणार. पुढच्या वेळी भरतीची वेळ बघून जा, तेव्हा जरा कल्पना येते की माल कसा येत असेल.

प्रश्न: सुरतेत इंग्रज आणि डचांच्या मोठमोठ्या कबरी सरकारी पैशाने सांभाळतात असं वाचलं. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या कबरी कशाला जपायच्या? (एक वाचक, नागपूर)

राग समजू शकतो. पण एकदा जाऊन त्या कबरी बघाच, मग बोलू. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानात क्रिस्तोफर आणि जॉर्ज ऑक्सेंडन या भावांची कबर आहे, हा जॉर्ज म्हणजे १६६४ ला वखारीची दारं लावून आत बसलेला इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट म्हणजे प्रमुख, वारला १६६९ ला. कबर कसली, दोन मजली घुमटाचा मकबरा आहे तो! धर्माने ख्रिस्ती पण मेल्यावर थाट हवा मुघल उमरावाचा, कारण त्या गावात मान कशाने मिळतो हे त्यांना पक्कं कळलं होतं. डचांना त्याहून मोठं काहीतरी करायचं होतं म्हणून त्यांनी व्हान रीडचा मकबरा आणखी भव्य बांधला. हा व्हान रीड मलबारचा डच गव्हर्नर होता, तिथल्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला आणि त्यातली बरीचशी माहिती इट्टी अच्युतन नावाच्या केरळी वैद्याची. १६९१ च्या डिसेंबरात तो जहाजावर वारला आणि त्याला सुरतेला आणून पुरलं.

तेव्हा या कबरी गोऱ्यांच्या गौरवाच्या खुणा आहेत असं मला वाटत नाही. बांधणारे गवंडी इथले, घुमट इथला, चुना इथला. आणि १६६४ चा प्रसंग मुलांना समजावून सांगायचा तर ऑक्सेंडनच्या कबरीपेक्षा चांगली जागा सुरतेत दुसरी नाही, कारण वखारीत बसून महाराजांच्या स्वारीची बातमी लिहून पाठवणारा माणूस तिथे झोपलाय.

प्रश्न: आमच्या सासरचं सुरतेच्या जुन्या भागात लाकडी खांबांचं घर आहे, शंभर वर्षं तरी झाली असतील. २००६ च्या पुरात तळमजला बुडाला होता. तेव्हापासून भिंतींना खालून लोणा धरतो, दर दोन वर्षांनी गिलावा पडतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं खरवडून सिमेंट मारू, वॉटरप्रूफ केमिकल घालू, कायमचा प्रश्न मिटेल. करू का? (एक वाचिका, जळगाव)

ताई, नका करू. या एका उत्तरासाठी मी जास्त जागा मागून घेतलीये कारण नदीकाठच्या गावातली जुनी घरं पुराने जेवढी जातात त्याहून जास्त पुरानंतरच्या सिमेंटने जातात, असं माझं मत झालंय.

आधी लोणा येतो कसा ते बघा. जुनी वीट मऊ भाजलेली, जोडाई चुन्याची, दोन्ही पाणी पितात आणि दोन्ही ते सोडतात. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, सोबत क्षार घेऊन येते, आणि पृष्ठभागाला पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. भरती-ओहोटीच्या नदीकाठी जमिनीतच मीठ जास्त, वर पुराचं पाणी भिंतीत मुरलेलं. आता तुम्ही वर सिमेंटचा थर दिला की बाहेर पडायची वाट बंद. पाणी काही मुकाट्याने परत जात नाही, ते आणखी वर चढतं, आज लोणा गुडघ्यापर्यंत असेल तर दोन वर्षांनी कमरेपर्यंत. आणि सिमेंटच्या मागे क्षारांचे खडे फुगून विटेचं तोंडच फोडतात, मग गिलावा पडतो तो विटेची साल घेऊन. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा म्हणतो भिंतच खराब होती.

तुमच्याकडे दर दोन वर्षांनी पडणारा गिलावा आधीच सिमेंटचा असणार अशी मला दाट शंका आहे. ओळखायला सोपं आहे, पडलेला तुकडा हातात घ्या, करडा, कडक आणि टणटण वाजणारा असेल तर सिमेंट, पांढरट किंवा गुलाबीसर आणि नखाने उकरता येत असेल तर चुना-सुरखी, सुरखी म्हणजे विटांची भुकटी.

करायचं काय, तर लोणा दिसतो त्याच्या हातभर वरपर्यंतचा सगळा गिलावा काढा, सांधे बोटभर खोल खरवडून घ्या आणि भिंत उघडी सोडा. हो, उघडीच, निदान एक पुरा उन्हाळा. पाहुणे काय म्हणतील हा विचार सोडून द्या. वर येणारा पांढरा भुगा कोरड्या ब्रशने झाडून सुपात घ्या आणि बाहेर टाका, पाण्याने धुऊ नका, धुतलं की तो परत आत जातो. वाळल्यावर मुरवलेल्या चुन्याने सांधे भरा आणि चुन्याचाच गिलावा करा, साधारण एक भाग चुना तीन भाग वाळू-सुरखी, पण तुमच्या विटेप्रमाणे एक चौरस फुटाचा नमुना आधी करून बघा. चुना कालवून लगेच वापरायचा नसतो, काही आठवडे पाण्याखाली मुरला पाहिजे. गिलावा केल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट धरा, घाई केली की तडे जातात. वर रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट मारलात तर सगळी मेहनत गेली.

आणि खांब. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात ते याचसाठी की लाकूड जमिनीच्या ओलीला लागू नये. पुरानंतर बहुतेक घरांत फरशी वर घेतात, दीड-दोन फूट भराव टाकून नवीन टाइल्स, आणि त्यात तळखडा गाडला जातो, लाकडाचं बूड भरावात. आतून कुजतं आणि वाळवीला आयतं दार मिळतं. तुमच्याकडे तसं झालंय का ते बघा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी पेचकस टोचून बघा, मऊ लागला तर खांबाभोवतीचा भराव चौकोनी काढून तळखडा मोकळा करा. कुजलेला भाग तेवढा कापून जुन्या सागाचा तुकडा खाली जोडता येतो, त्यासाठी अख्खा खांब बदलायची गरज नसते. चांगला सुतार शोधा, तो मिळाला की अर्धं काम झालं. आधी मात्र वरच्या तुळईला टेकू!

वॉटरप्रूफ केमिकलबद्दल एवढंच सांगतो की ते छतावर ठीक. पाणी खालून येतंय तिथे त्याचा काय उपयोग?

प्रश्न: संरक्षित स्मारकाजवळ घर असलं की खिळासुद्धा ठोकता येत नाही म्हणतात, खरं का? (एक वाचक, भरूच)

खिळा खुशाल ठोका. केंद्राच्या यादीतलं स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत बांधकाम परवानगी घेऊनच करायचं, कायदा १९५८ चा आणि ही कडक तरतूद २०१० च्या दुरुस्तीतली. जुन्या घराची दुरुस्ती १०० मीटरच्या आतही करता येते, फक्त परवानगी घेऊन. कागदोपत्री वेळ जातो हे खरं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर अर्ज करू नका, दिवाळीनंतर लगेच करा. आणि महापालिकेच्या हेरिटेज यादीचे नियम वेगळे असतात, दोन्हीकडे विचारा, एकीकडच्या 'चालेल'वर काम काढून मग दुसरीकडची नोटीस घेऊन बसलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत.

प्रश्न: आजोबा सुरतेला नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला, नदीच्या पायऱ्या, चार-पाच होड्या, मागे एक पांढरी इमारत. मागे शाईने काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय. घरातले म्हणतात फेकून दे. उपयोग आहे का याचा? (एक वाचक, पुणे)

फेकून दे म्हणणाऱ्यांना आधी चहा पाजून दुसऱ्या खोलीत बसवा. सुरतेच्या व्यापाराचे कागद भरपूर आहेत, सुरत वखारीची जुनी दप्तरं तर आपल्या मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, अर्ज करून बघायला मिळतात. पण त्यात भाव, माल, भांडणं असतात, ओवाऱ्याला पायऱ्या किती होत्या हे कोणी लिहून ठेवत नाही. ते तुमच्या फोटोत आहे.

तेव्हा पहिलं काम, फोटो लॅमिनेट करू नका, आणि त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये तर मुळीच घालू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची सुद्धा, पुसट शाई स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट वाढवला की पुष्कळदा वाचता येते. आजोबा सुरतेला कधी होते, कुठल्या पेठेत राहायचे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या महिन्यातच विचारून वेगळ्या कागदावर लिहा. मग सुरतेला जाणं झालं तर नानपुऱ्यापासून किल्ल्यापर्यंत काठाने चाला आणि ती मागची पांढरी इमारत शोधा, इमारत सापडली की कॅमेरा कुठे उभा होता ते कळतं आणि कॅमेऱ्याची जागा कळली की ओवारा. आणि फोटोतल्या पायऱ्या भिंग घेऊन मोजा, पाण्याच्या वर किती दिसतात त्या. आज तिथे त्यातल्या किती उरल्यात ते मला कळवा, पुढच्या अंकात दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापू.